सुभेदारीण काकींची पाहुणी

मला त्या गावाचा अजून राग येतो. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे काकींविषयी सांगता सांगता मी मध्येच गावावर घसरले असं कोणी म्हणायला नको. मी घसरलेले नाही. मी तिथूनच सुरुवात करते आहे.

गाव मालवण तालुक्यातलं, पण समुद्र न दिसणारं. भातशेती, काजू, थोडे आंबे, आणि शिवेवरून वाहणारा एक व्हाळ, म्हणजे ओढा. या गावात दर काही वर्षांनी गावपळण होते. देवाचा कौल मिळाला की सगळं गाव घरदार सोडून तीन दिवस शिवेबाहेर झोपड्या बांधून राहतं. माणसं जातातच, पण गुरं, शेळ्या, कोंबड्या, कुत्री, मांजरंही जातात. मागे दिवा ठेवायचा नाही, चूल पेटती ठेवायची नाही, जिवंत काही ठेवायचं नाही. ते तीन दिवस गाव देवाचं, आणि मागे राहिलेल्या जिवाचं काही बरंवाईट झालं तर ते ज्याचं त्याने बघावं, अशी तिथली पक्की समजूत.

मी तेव्हा कणकवलीत एका झेरॉक्सच्या दुकानामागच्या खोलीत बसून पत्रकं लिहायचे. आम्ही पाचसात जण होतो, सगळे कॉलेजातून नुकतेच सुटलेले, आणि सगळ्यांनाच सगळ्याचा राग यायचा. त्या वर्षी गावपळणीचा कौल झाल्याचं कळलं तसं मी रात्रभर जागून पत्रक लिहिलं. म्हाताऱ्यांना, आजाऱ्यांना घराबाहेर काढणारी अघोरी प्रथा, वगैरे. गठ्ठा पिशवीत भरला आणि सकाळच्या एसटीने गावात उतरले. रस्त्यावरचं पहिलं घर काकींचं होतं.

घराच्या नळीच्या कौलांवर, अर्ध्या छपरावर, लालभडक मिरच्या पसरलेल्या होत्या. कोकणात मिरच्या खळ्यात, म्हणजे अंगणात, वाळवतात, छपरावर कोणी चढवत नाही. खळ्यात एक बाई हिरव्या लष्करी स्वेटरमध्ये उभ्या होत्या. खाली साडी, वर स्वेटर, आणि उकाडा असा की माझी ओढणी मानेला चिकटलेली. त्या एका शेळीला ओरडत होत्या. शेळीचं नाव हवालदार.

"हवालदाराक शिस्त नाय," त्या मला म्हणाल्या. "लान्स नायक बरो. सांगललां ऐकता." लान्स नायक म्हणजे दुसरी शेळी. दोन्ही माद्या होत्या.

त्यांचा नवरा फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाला आणि दोन वर्षांनी आजारात गेला. गाव त्यांना सुभेदारीण म्हणायचं, आम्ही धाकटे सुभेदारीण काकी. दर पंधरा ऑगस्टला शाळेत त्यांना पहिल्या रांगेत बसवायचे, नारळ आणि शाल द्यायचे. काकी नारळ घ्यायच्या आणि भाषणं सुरू झाली की उठून घरी जायच्या. विचारलं तर सांगायच्या, हवालदाराक चरवूचां आसा. भाषणं करणाऱ्यांना त्याचं वाईट वाटायचं नाही. त्यांना फोटोपुरत्या काकी हव्या असायच्या आणि फोटो तोवर काढून झालेला असायचा.

घरी आलेल्या प्रत्येकाला पहिल्यांदा मीठ आणि लोणी घातलेला चहा मिळायचा. एकदाच. तो पिताना काकी समोर बसून तोंडाकडे बघायच्या. ज्याने कप संपवला त्याला दुसऱ्या वेळेपासून साखरेचा चहा. ज्याने ठेवला त्याला पुढच्या वेळी पुन्हा मिठाचाच. देवस्थान समितीची माणसं वर्गणीला यायची ती उभ्याउभ्या, घाईत असल्यासारखी, त्याचं कारण हे. मी कप संपवला. कशी चव होती ते विचारू नका.

मग त्यांनी माझं पत्रक हातात घेतलं, स्वेटरच्या बाहीला पुसलेला चष्मा लावला आणि खळ्यात उभं राहून सबंध वाचलं. माझ्या पिशवीला अडकवलेलं पेन काढून घेतलं आणि 'अघोरी'वर काट मारली.

"ह्यां कोणी लिवल्यान? तू?" त्या म्हणाल्या. "तीन दिस झाडाखाली जेवक बरां वाटता गो. पोरां खेळतत, बायलांका झाडलोट नाय, दळप नाय. ह्यात अघोरी काय आसा? तुका अघोरी म्हणजे काय तांच म्हायत नाय."

मी भांडले. म्हाताऱ्यांचं काय, तापाने पडलेल्यांचं काय. त्यांचं म्हणणं, देव कोणालाही मागे ठेवू नका म्हणतो, यात वाईट काय आहे ते दाखव. त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रक' पडलं. लांबून मी दिसले की ओरडायच्या, इलां गो माजां पत्रक. नंतरची माझी बहुतेक पत्रकं छापायच्या आधी त्या खळ्यात वाचली गेली आहेत, आणि निम्मी तिथेच संपली आहेत.

पेमाची गोष्ट त्यांनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितली. कधी शेळी धरताना, कधी मिरच्या उलथताना.

लग्नानंतर काही वर्षांनी सुभेदारांची बदली भूतानमध्ये झाली. तिथल्या सैनिकांना शिकवायला आपली फौज असते, आणि कुटुंबं नेता येतात. काकींनी तोवर कुडाळच्या पलीकडचं काही पाहिलेलं नव्हतं. एकदम त्या चहूकडून डोंगर असलेल्या एका थंड खोऱ्यात जाऊन पडल्या, जिथे पाणी नळात गोठायचं. क्वार्टरच्या रांगेत सगळ्या प्रांतांच्या बायका, सगळ्या हिंदी बोलणाऱ्या. काकींना हिंदी येत नव्हती आणि, त्यांच्याच शब्दांत, शिकूची हौस पण नव्हती.

माहेरहून पार्सल आलं. सुके बांगडे आणि गोलमो, म्हणजे सुकी कोळंबी. महिनाभर वाटेत असलेलं. काकींनी शेगडीवर बांगडा भाजला आणि क्वार्टरची रांग हादरली. शेजारणींनी दारं लावली, एकीने उलटी झाल्याचं सांगितलं, बायकांच्या मासिक बैठकीत विषय निघाला आणि एका वरच्या बाईसाहेबांनी समजावलं की असले पदार्थ इथे शोभत नाहीत. काकींना समजावलेलं कळलं नाही, पण सूर कळला. त्या मागच्या दाराच्या पायरीवर बांगडा हातात घेऊन रडत बसल्या. तेवढ्यात कुंपणाशी दूध आणि चीज विकायला येणारी एक बाई थांबली. नाक वर करून वास घेतला, कुंपणातून आत आली आणि पायरीवर शेजारी बसली. हात पुढे केला. काकींनी अर्धा बांगडा मोडून दिला. तिने तो काट्यासकट खाल्ला.

ती पेमा. तिच्याकडेही सुकी मासळी खात, मिरच्या आणि चीजमध्ये शिजवून. दुसऱ्या दिवशी तिने ते भांडंभर आणलं. काकी सांगायच्या, पहिला घास घेतला आणि कान बंद झाले, पण भांडं पुसून खाल्लं. त्यानंतर आयुष्यभर त्यांनी मिरची भाजीसारखी खाल्ली आणि तिकडच्यासारखी छपरावर वाळवली.

दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. काकींना पेमाची जमेना, तिच्यात शब्द घशातून निघतात म्हणे. म्हणून पेमाने काकींची उचलली. हिंदी नाही, शाळेतली मराठी नाही. चोख मालवणी. तीन वर्षांत हिमालयातली एक दूधवाली बाई "खंय गेललंस गो?" म्हणून कुंपणाबाहेरून हाका मारायला लागली. सुभेदार घरी आले की दोघी बोलताना त्यांना दाराबाहेरून कळायचं नाही की आत आपली बायको कोण.

तिथेच काकींचं मूल पोटातच गेलं. सुभेदार वरच्या चौकीवर होते, रस्ता बर्फाने बंद. क्वार्टरमधल्या बायका दारापर्यंत आल्या, चुकचुकल्या आणि गेल्या. यात त्यांचाही दोष म्हणवत नाही, सगळ्याच परक्या मुलखात भ्यालेल्या. पेमाने काकींना घोंगडीत गुंडाळून, भावाच्या पाठीवर घालून आपल्या घरी नेलं. महिनाभर चुलीशेजारी ठेवलं. लाल तांदळाचा भात, आणि रोज सकाळी अंडं घातलेली गरम दारू. ही दारूची गोष्ट काकींनी बचत गटाच्या बैठकीत, सरकारी मॅडम माता-पोषणावर बोलत असताना, उपाय म्हणून सांगितली होती. मॅडमनी ती लिहून घेतली नाही.

बदली झाली, काकी गावी आल्या, वर्षं गेली. सुरुवातीला पत्रं, पेमाच्या पुतण्याने इंग्रजीत लिहिलेली, जी इथे शाळेतल्या बाईंकडून वाचून घ्यायची. मग मोबाईल आले. आता रोज दुपारी काकींच्या खळ्यात फोन मोठ्या आवाजात लागलेला असायचा आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींना काय शिजवलं ते सांगायच्या. सुभेदार वारले तेव्हा पेमाला येता आलं नाही, तिचा नवराही त्याच महिन्यात अंथरुणावर होता. तोही गेला. मग पुतण्याने तिकिटं काढून दिली आणि पाच दिवसांचा प्रवास करून पेमा कुडाळ स्टेशनवर उतरली. शिमग्यापर्यंत राहायचं ठरलं होतं. जवळजवळ चार महिने. काकींनी तिच्यासाठी माडीवरची खोली सारवली, आणि मला बजावलं की मी आता वरचेवर टपकायचं नाही, कारण त्यांना बोलायला वेळ नसणार आहे.

मी टपकलेच. आणि माझ्या डोळ्यांनी पाहिलं ते आता सांगते.

पेमा दुकानात गेली. गोलसर चेहरा, आखूड केस, काकींचीच साडी. तिने विचारलं, कांदे कशे दिलास. दुकानदार म्हणाला, "चालीस रुपये." तिने मालवणीत अर्धा किलो मागितले. तो हिंदीत म्हणाला, और क्या चाहिए. ती मालवणीत काहीच नको म्हणाली. तो हिंदीतच बोलत राहिला. तिची मालवणी त्याला ऐकूच येत नव्हती, तिचा चेहरा मध्ये येत होता. ती गेल्यावर त्याने मला विचारलं, ही मोमोची गाडी लावूक इली हा काय.

गावात तिचं नाव चिनी पडलं. नेपाळीण म्हणणारे त्यातल्या त्यात बरे. ज्याचा पुतण्या सरहद्दीवर आहे असा एक जण तिचं आधार कार्ड बघायला घरी आला. काकींनी त्याला मिठाचा चहा दिला आणि सांगितलं की तुझ्या पुतण्याला ज्या डोंगरात थंडी वाजते, त्या डोंगरात ह्या बाईने मला जगवलं, तू आधी कप संपव. त्याने कप ठेवला. ज्या बाईला पंधरा ऑगस्टला शाल घालायची, तिच्या घरात कोण राहतं याची झडती घ्यायची. फौजेचा अभिमान आहे म्हणता ना? फौजीची बायको परदेशात एकटी रडत बसली होती तेव्हा तिच्या शेजारी बसणारी कोण होती, हे कळल्यावर तुमच्या अभिमानाला आधार कार्ड आठवतं?

त्या वर्षी पुन्हा गावपळणीचा कौल झाला होता. ती जवळ आली तशी देवळाच्या सभामंडपात बैठक बसली. झोपड्यांच्या जागा ठरवायला. कोणत्या वाडीने कुठे उतरायचं, गुरं कुठे बांधायची, कोंबड्यांची खुराडी कुठे. सगळं आस्थेने चाललेलं. कुत्र्यांना मोकळं सोडायचं की बांधायचं यावर बराच वेळ चर्चा झाली. मग काकी उठल्या आणि म्हणाल्या की माझ्या झोपडीत माझी पाहुणी असेल.

मुख्य मानकऱ्यांना सगळे तात्या म्हणतात. माणूस वाईट नाही. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी इतर मानकऱ्यांशी बोलून निर्णय दिला तो असा. गावपळण गावच्या माणसांची. ओळीत जागा गावच्या माणसाला. पाहुणी गावची नाही, आपल्या देवाच्या राज्यातली नाही, आपल्या धर्मातलीही नाही. तिला पळणीचा नियमच लागू नाही. तेव्हा तिने कणकवलीला लॉजवर जावं, नाहीतर खुशाल घरात राहावं.

हे पुन्हा वाचा. ज्या रिकाम्या गावात आपली मांजरसुद्धा ठेवायला हे लोक भितात, त्या गावात ती खुशाल राहू शकते. नियम लागू नाही म्हणून. कोंबडीला लागू आहे. मी अघोरी हा शब्द चुकीच्या जागी वापरला होता, हे मला त्या मंडपात कळलं.

काकी शांतपणे म्हणाल्या, "तात्यानू, तीन दिस आमीच सगळे गावाच्या भायर. मगे भायली कोण?"

"वयनीनू, वाद नको," तात्या म्हणाले. "चाल आसा ती आसा."

काकी बसल्या नाहीत. मंडपातून उतरून चालायला लागल्या, मी मागोमाग. घरी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षक तयार होतं, ते मी बोलून दाखवलं. त्या थांबल्या आणि म्हणाल्या, माझ्या पाहुणीचं पत्रक केलंस तर खळ्यात पाय ठेवायचा नाही. म्हणून मी ते केलं नाही. हे आज लिहिते आहे ते पेमाने फोनवर स्वतः हो म्हटल्यावर, आणि तिच्या अटीप्रमाणे गावाचं नाव गाळून.

पळणीच्या सकाळी नगारा वाजला. बैलगाड्या, टेम्पो, रिक्षा, डोक्यावर टोपल्या, गळ्यात दोर बांधलेली वासरं. व्हाळाच्या अलीकडे शीव, पलीकडे झोपड्यांची ओळ. काकींनी ओळीत जागा घेतली नाही. ओळीपासून दूर, व्हाळाच्या खालच्या वळणावर, झापांची, म्हणजे माडाच्या विणलेल्या झावळ्यांची, झोपडी बांधली. दोन शेळ्या, मांजर, पेमा, काकी आणि मी. झोपडी मुख्यतः पेमाने बांधली. मला गाठ मारता येत नाही हे बघून ती म्हणाली, "तुका फकत लिवक येता."

ते तीन दिवस ओळीत मजा होती. पोरं विटीदांडू खेळत होती, पुरुष पत्ते, कोणी ढोलकी आणलेली. आमच्याकडे कोणी आलं नाही. पोरं यायची, पेमाने निखाऱ्यावर भाजलेल्या रताळ्यांच्या वासाने, की लगेच ओळीतून हाक यायची आणि ती पळायची. दुसऱ्या दिवशी काकींची शेजारीण टोपलीभर वडे घेऊन आली. ओळीकडे तोंड करून, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली की शेळ्यांसाठी आणलेत.

काकी म्हणाल्या, "हवालदार सागोतीशिवाय वडे खाणा नाय." संध्याकाळी सागोती, म्हणजे कोंबडीचा रस्सा, तोही आला. शेळ्यांसाठी, झाकून.

पेमा निखाऱ्यावरची रताळी उलटत बसली. तिला सगळं समजत होतं, तीच तर अडचण होती. भाषा न येणाऱ्या माणसाला निदान थोडं कमी लागतं.

चौथ्या सकाळी परतीचा कौल. त्या गावात तो शिवेवरच्या पाषाणाला लावतात, सगळ्यांच्या समोर. ओल्या पाषाणावर दोन बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवायच्या, देवाला गाऱ्हाणं घालायचं आणि वाट बघायची. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. गाड्या भरून तयार, बैल जुंपलेले. तात्यांनी विचारलं, गाव परत येऊ का. डावी पडली. पुन्हा पाकळ्या लावल्या, पुन्हा विचारलं. पुन्हा डावी.

मग समितीचा व्हॉट्सॲप ग्रुप सांभाळणाऱ्या तरुण पोरांतून एक आवाज आला, त्या चिनीमुळे. दुसऱ्याने तेच म्हटलं. बघता बघता ते सगळ्यांचं झालं. कोणीतरी रिक्षा सुरू करून वळवून उभी केली. तात्या स्वतः व्हाळ ओलांडून आमच्या झोपडीशी आले आणि काकींना म्हणाले की पाहुणीला आता धाडा, रिक्षा कणकवलीला सोडेल, तिची पिशवी मागाहून पोचवू.

काकींनी पेमाचा हात धरला. मला वाटलं, आता झोपडीत नेतील. त्या तिला घेऊन सरळ पाषाणासमोर गेल्या.

"देवान हिचां नाव घेतल्यान?" त्यांनी तात्यांना विचारलं.

"देव असो नाव घेता काय, वयनीनू?"

"मगे तुमी घेवा. हिचां नाव घेवन इचारा. हिच्यामुळे म्हणत असलो तर मी स्वता रिक्षेत बसवतंय."

मी काकींचा दंड धरला आणि कानाशी म्हटलं की हे करू नका, जित्या माणसाची किंमत फुलाच्या पाकळीवर लावायची नसते, डावी पडली तर काय करणार. त्यांनी माझ्याकडे न बघता गप्प राहायला सांगितलं. त्या माझ्यासारख्या नव्हत्या. त्यांचा त्या देवावर विश्वास होता, आणि डावी पडली असती तर त्यांनी तिला खरंच रिक्षात बसवलं असतं. त्यानंतर त्या जगल्या असत्या की नाही मला माहीत नाही.

तात्या अडले. गाऱ्हाण्यात माणूस घ्यायचा तर नाव, बापाचं नाव, गाव असं सगळं घ्यावं लागतं. आणि ती बाई गावात आल्याला तीन आठवडे होत आले होते आणि तिचं नाव या माणसाला माहीत नव्हतं. सगळ्यांच्या देखत त्यांना तिच्याकडे वळून विचारावं लागलं. विचारलं तेही हिंदीत.

"माजां नाव पेमा," ती म्हणाली. "बापाशीचां नाव दोरजी. आमचो गाव डोंगरात, खूप वर. थंय गाव सोडूक लागना नाय."

बायकांत कोणीतरी हसलं. दुकानदार तिच्या तोंडाकडे बघत होता.

तात्यांनी डोळे मिटले आणि गाऱ्हाणं सुरू केलं. बा देवा म्हाराजा, तुझी लेकरां आज शिवेर उभी आसत. व्हय म्हाराजा, लोक म्हणाले. लांबच्या डोंगरातसून पेमा म्हणान एक बाई, दोरजीचां चेडू, आमच्या सुभेदारणीच्या घराक इलेली आसा. व्हय म्हाराजा. तिच्या पावलान काय चुकला असात तर तसां सांग. नसात, तर तिका आणि ह्या गावाक सांभाळून घे. व्हय म्हाराजा. सवयीने, प्रत्येक वाक्याला, सगळं गाव. ज्या पोरांनी चिनी म्हटलं होतं तीही. शेवटच्या वेळी पेमाही म्हणाली.

मग वाट बघणं. पाकळ्या ऊन आणि वाऱ्याने सुकतात आणि पडतात, एवढंच आहे ते, हे मी कोणालाही सिद्ध करून दाखवीन. पण त्या वेळी मीही पाकळ्यांवरून नजर काढली नाही.

उजवी पडली.

नगारा वाजला, गाड्या हलल्या. आणि मग जे झालं त्याचा मला सगळ्यात जास्त राग आहे. बायकांनी पेमाला हळदकुंकू लावलं. तात्यांनी तिला पुढे चालवलं. चिनी म्हणणाऱ्या पोरांनी तिच्याबरोबर फोटो काढले. दुपारपर्यंत समितीच्या ग्रुपवर आलं की देवाने परदेशी पाहुणीला पदरात घेतलं, आपलं गाव किती मोठ्या मनाचं. रिक्षा वळवून उभी होती त्याबद्दल कोणी अक्षर काढलं नाही. दोनदा डावी पडली तेव्हा तुम्ही देवाला तिच्याबद्दल विचारलेलंही नव्हतं. आणि तिसरी डावी पडली असती तर? ज्यांचं मन पाकळीवर ठरतं त्यांनी ते मोठं म्हणून मिरवायचं?

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले तर पेमा माडीवर पिशवी भरत होती. शिमग्याला अजून तीन महिने होते. पुतण्याशी बोलून तिने परतीची तिकिटं बदलून घेतली होती. खाली वाडीतल्या बायका जमल्या होत्या. कोणी काजू आणलेले, कोणी कोकमं, त्या वडेवाल्या शेजारणीने चक्क साडी. सगळ्या काकींना म्हणत होत्या की तिला थांबवा, आता कोण काय म्हणणार नाही, आता देवानेच सांगितलं आहे, आता ती आमचीच.

मीही तेच म्हटलं, वेगळ्या शब्दांत. काकी, तुम्ही जिंकलात. सगळ्या गावाकडून तिचं नाव वदवून घेतलंत. आता जाऊ कशाला देता?

काकी ओट्यावर मांडी घालून पेमाला प्रवासात खायच्या चपात्या फडक्यात बांधत होत्या. गाठ मारून झाल्यावर त्यांनी आमच्याकडे पाहिलं.

"देवान हो म्हटल्यान गो," त्या म्हणाल्या. "पण इचारूचां लागलां मा?"